सुभेदार रामजी मास्तर : रात्री आठची हजेरी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. या स्मरणिकेत दिंडीच्या विणेकऱ्यांविषयी, चोपदारांविषयी, मुक्कामाला ओटी आणि अंगण मोकळं करून देणाऱ्या घरांविषयी लेख आहेत. संतांची चरित्रंही आहेत. आम्हांलाही एक चरित्र लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आम्ही चार मंडळी हरिपाठ झाल्यावर मंदिरातच बसलो आणि एका पेन्शनर मास्तरांचं चरित्र लिहायचं ठरवलं. हे मास्तर म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

वारकऱ्यांच्या अंकात हे नाव कसं, असं कुणाला वाटेल. रामजी कबीरपंथी होते. त्यांना आज आपल्या फडात ओढून आणावं असा आमचा मुळीच हेतू नाही. पण ते आपल्याच जिल्ह्यातले. आपलं राजापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तर त्यांचं आंबडवे गाव उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात. आणि ज्या तुकोबारायांचे अभंग आपण दिंडीत म्हणतो, तेच अभंग या माणसाच्या घरात रोज रात्री म्हटले जात. म्हणून हे चरित्र आपल्यासाठी आहे. ते ऐकताना थोडी मान खाली घालावी लागेल, तीही आपल्याचसाठी.

सकपाळांचं घराणं महार समाजातलं. रामजींचे वडील मालोजी हे पलटणीत होते. त्या काळी कोकणातल्या महार समाजातले पुष्कळ तरुण सैन्यात जात. गावात ज्याला विहिरीवर चढता येत नव्हतं, देवळाची पायरी शिवता येत नव्हती, त्याला पलटणीत बंदूक मिळे, पगार मिळे आणि मुख्य म्हणजे अक्षर मिळे. लष्करात शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत, आणि त्या शाळांत मुलगे जात तशा मुलीही जात. त्यामुळे अशा घरांतल्या बायकांनाही पोथी वाचता येई. बाकीच्या गावात उच्च म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांनासुद्धा तेव्हा अक्षरओळख नव्हती, हे ध्यानात घ्या.

रामजीही पलटणीत गेले. पण त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा खडू जास्त काळ राहिला. पुण्याला लष्करी शिक्षकांच्या शाळेत शिकून ते मास्तर झाले, पुढे हेडमास्तर झाले. चौदा वर्षं त्यांनी हेडमास्तरकी केली आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोचले. मराठी त्यांचं उत्तम होतं, आणि इंग्रजीही चांगलं होतं. त्यांचं लग्न मुरबाडकर घराण्यातल्या भीमाबाईंशी झालं. भीमाबाईंचे वडीलही सुभेदार आणि तेही कबीरपंथी. दोघांना चौदा मुलं झाली, त्यांतली थोडीच जगली. चौदावं मूल १४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत जन्मलं. ते भीमराव.

घरात दारू नाही, मांस नाही. सकाळ-संध्याकाळ भजन. आता कबीर आपल्याला काही परके नाहीत. आपल्या फडांवरही कबीराचे दोहे गातात, कीर्तनकार त्यांचे दृष्टांत देतात. तुळशीची माळ घालताना आपण जे नेम पाळायचं कबूल करतो, त्यांतले बहुतेक नेम या घरात पाळले जात होते.

भीमराव जेमतेम दोन-तीन वर्षांचे असतील, तेव्हा रामजी नोकरीतून निवृत्त झाले. त्याच सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. एका समाजाची पोट भरायची आणि शिकायची वाट एका हुकुमाने बंद झाली. रामजींना स्वतःला पेन्शन होतं. त्यांचं काही अडलं नव्हतं. तरी ते गप्प बसले नाहीत. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे गेले आणि सरकारकडे पाठवायच्या अर्जासाठी त्यांची मदत घेतली. महात्मा फुल्यांविषयी त्यांना मोठा आदर होता. आपलं भागलं म्हणजे झालं, असं म्हणणारा हा माणूस नव्हता.

निवृत्तीनंतर रामजी आधी दापोलीला राहिले. दापोलीला तेव्हा कॅम्प म्हणत, कारण तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती. पुढे त्यांनी साताऱ्याला नोकरी धरली. तिथेच १८९६ साली भीमाबाई वारल्या. त्यांची समाधी आजही साताऱ्यात आहे. घरात लहान मुलं, आणि बाई गेलेली. रामजींची बहीण मीराबाई मदतीला आली. पाठीत बाक असलेली ही आत्या. तिनेच भीमरावांना वाढवलं.

आता त्या घरातली रात्र सांगतो. कारण आमच्या मते रामजींचं सगळं चरित्र त्या रात्रींमध्ये आहे.

रात्रीचे आठ वाजले की घरातल्या सगळ्या मुलांनी वडिलांसमोर येऊन बसायचं. मुलगे, मुली, सगळे. गैरहजर राहायची परवानगी कुणालाच नाही. मग भजन सुरू. मुली अभंग म्हणत. तुकोबांचे अभंग, मुक्तेश्वर, मोरोपंत, कबीराचे दोहे, हे सगळं मुलांना पाठ असायचं. भीमरावांना रामायण-महाभारतातला काही भाग रोज मोठ्याने वाचायला लावत. ते ऐकायला शेजारपाजारची माणसंही येऊन बसत. हा नेम पुष्कळ वर्षं चालला. गाव बदललं, घर बदललं, बायको गेली, पैशाची ओढाताण झाली, पण नेम मोडला नाही.

शाळा सोडली, पण मास्तरांनी शाळा घरी आणली, असं आम्ही म्हणतो. तीच शिस्त, तीच हजेरी. आपल्या दिंडीत मुक्कामाला पोचल्यावर चोपदार माणसं मोजतात ना, तसं. मागे कोण राहिलं, कुणाचा पाय सुजला, कोण पाण्याला गेलं, हे कळल्याशिवाय पंगत बसत नाही. रामजी तसेच रोज रात्री आपल्या घराची दिंडी मोजून घेत.

ही पारायणं ते का करवून घेत, हे एकदा मुलाने त्यांना विचारलं. रामजींनी सांगितलं ते असं, की आपल्याला लोक हलकं समजतात, आणि सतत तसं समजलं गेलं की माणूस स्वतःलाही हलकं समजू लागतो. तसं होऊ नये म्हणून. द्रोण गरीब होता, कर्णाला सूतपुत्र म्हणत, वाल्मीकी कोणत्या स्थितीतून वर आले, आणि पुढे हे कुठे पोचले ते बघ. मुलाचं या उत्तराने समाधान झालं नाही. महाभारतातल्या थोरामोठ्यांचं वागणं त्याला पटत नव्हतं आणि त्याने ते वडिलांना तोंडावर सांगितलं. रामजी गप्प राहिले. आम्हांला त्या गप्प राहण्याचं मोठेपण वाटतं. इतका कडक बाप, पण मुलाच्या प्रश्नावर हात उगारला नाही. पोथी वाचायला लावली, आणि पोथीला प्रश्न विचारायची मोकळीकही ठेवली.

घराच्या बाहेर मात्र काय होतं? १९०१ सालची गोष्ट. रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता, तिथे ते खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना भेटायला बोलावलं. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुलं, अशी चौघं पोरं नवे कपडे घालून आनंदात निघाली. पाडळी स्टेशनला गाडीत बसली, मसूरला उतरली. घ्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालणार. त्या रात्री टोलनाक्यावर पोरांना पाणी मिळालं नाही. जवळ जेवण होतं, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. तशीच उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी पोरं पोचली तेव्हा रामजी चकित झाले. मुलं निघाल्याचं पत्र त्यांच्या नोकराच्या हाती पडलं होतं, पण त्याने ते त्यांना दिलंच नव्हतं.

वाटेने चालणाऱ्या माणसांनो, आपण ही गोष्ट नीट ऐकली पाहिजे. आपण घाट चढून जातो, तेव्हा गावोगावी आपल्यासाठी पाण्याचे हंडे भरून ठेवलेले असतात. वारकऱ्याला पाणी पाजणं म्हणजे पांडुरंगाला पाजणं, असं मानून आयाबाया उन्हात उभ्या राहतात. आणि त्याच मुलखात, रोज रात्री तुकोबा म्हणणाऱ्या घरातल्या चार लेकरांना कुणी घोटभर पाणी दिलं नाही.

साताऱ्याला ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव सरकारी हायस्कुलात घातलं होतं. रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. त्या शाळेतही वेगळं बसणं, वेगळं पाणी. रामजी स्वतः मास्तर. शाळा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्या मुलाला वर्गात कोपऱ्यात बसावं लागतं हे त्यांनी रोज सोसलं, पण मुलाची शाळा एक दिवस चुकवू दिली नाही.

चरित्र लिहायचं तर उणंही लिहावं. रामजींनी दुसरं लग्न केलं. मुलाला ते रुचलं नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून पोराच्या पोटात तुटायचं. स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून मुंबईला गिरणीत जायचं त्याने ठरवलं आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी पळवायचा बेत केला. काही रात्रींच्या खटपटीनंतर पिशवी हाती आली, तर आत अर्धा आणा! त्या रात्री पोराला शरम वाटली आणि त्याने ठरवलं, आता अभ्यासच करायचा. बापलेकांत दुरावा होता, पण आठच्या हजेरीची सवय अंगात मुरलेली होती, ती कामी आली.

पुढे १९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळला डबक चाळीत एक खोली. तेवढ्यात स्वयंपाक, तिथेच झोपणं, तिथेच अभ्यास. कोकणातून मुंबईला गेलेल्या आपल्यातल्या किती घरांनी अशा एका खोलीत दिवस काढले! त्या खोलीत उशाशी जातं आणि पायाशी बकरी, अशी भीमरावांची झोपायची जागा. रामजींनी यावर तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं, आणि आपण जागं राहायचं. रात्री दोन वाजता, चाळ शांत झाली की ते मुलाला उठवत. मग मूल दिव्याशी अभ्यासाला बसे आणि म्हातारा त्या जागेवर आडवा होई. काकड्याला उठणाऱ्यांनी सांगावं, रोज दोनला जागं राहणं म्हणजे काय ते.

इंग्रजी त्यांनी स्वतः शिकवलं. हॉवर्डची वाचनपुस्तकं, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं, एकेक धडा पुरा करून घेतला. मुलांनी संस्कृत शिकावं अशी त्यांची फार इच्छा. पण शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्यांच्या मुलांना शिकवायला नकार दिला, तेव्हा फारसी घ्यावी लागली. ज्या घरात पोथी रोज वाचली जात होती, त्या घराला पोथीची मूळ भाषा नाकारली गेली.

पुस्तकांचा खर्च मोठा. मुलाला पुस्तकांचं वेड, आणि पेन्शन तुटपुंजं. मुलाने पुस्तक मागितलं की रामजी काखेला पागोटं मारून बाहेर पडत. मुंबईत दिलेल्या मुलीकडे जात आणि उसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आलं की पहिल्यांदा तो दागिना सोडवून लेकीला परत. लेकीच्या दारात जाऊन हात पसरणं बापाला किती जड जातं, हे आम्ही काय सांगावं! दोन्ही मुलांना शिकवणं झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी नोकरी धरली आणि धाकट्याला पुढे शिकू दिलं. त्या त्यागाचीही आठवण इथे राहू दे.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या मंडळींनी सत्काराचं ठरवलं. रामजींनी साफ नकार दिला. पोराचं डोकं फिरेल, एक परीक्षा तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. अखेर त्यांचे स्नेही दादा केळुसकर मध्ये पडले, तेव्हा तयार झाले. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं. त्या एका पुस्तकाने पुढे किती मोठं वळण दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९०७ ला मॅट्रिक झाली. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बी. ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. मुलाने तिकडे जावं हे रामजींच्या मनात नव्हतं. तिथे त्याला कसं वागवतील याची त्यांना काळजी होती. थोडेच दिवस गेले आणि तार आली, वडील अत्यवस्थ आहेत. मुलगा तसाच निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला, आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचा जीव त्याच्यासाठीच घुटमळत होता. क्षीण झालेला हात त्यांनी मुलाच्या पाठीवर ठेवला आणि थोड्या वेळाने प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

हजेरी घेणाऱ्या बापाने शेवटची हजेरी घेतली, आणि मग डोळे मिटले.

त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला शिकायला गेला. पुढचा इतिहास लहान मुलालाही पाठ आहे. १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ निघाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञता त्यात नोंदली. एका पेन्शनर मास्तराला याहून मोठी दक्षिणा कोणती?

आता आपल्याकडे वळू. पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. आपण तिथे डोकं टेकून आत जातो. त्या समाधीच्या पुढे जायला चोखोबांच्या माणसांना १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. साने गुरुजीही मास्तर आणि आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. रामजींना जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. म्हणजे जन्मभर अभंग म्हणणाऱ्या या माणसासाठी, ज्याचे अभंग त्या विठ्ठलाचं दार कधी उघडं नव्हतं. १९५६ साली त्यांच्या मुलाने लाखो माणसांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. तो त्यांचा मार्ग, त्यांनी विचार करून घेतलेला. त्यावर आपण बोलायचं कारण नाही. आपण आपलं दार कुणी बंद ठेवलं होतं एवढंच बघायचं.

आपल्या दिंडीतल्या जुन्या माणसांकडून आम्ही ऐकलं आहे, की पूर्वी वाटेत काही मंडळी पताकांच्या बरीच मागून, अंतर ठेवून चालायची. टाळ त्यांच्याही हाती असायचे. पंगत मात्र त्यांची वेगळी, आणि पाणी वरून ओतलेलं. हे आपल्याच शंभर वर्षांतलं आहे. स्मरणिकेत फक्त गोड आठवणी छापून भागणार नाही, म्हणून आम्ही हेही लिहिलं.

म्हणून आमची एक विनंती आहे. शताब्दीच्या वर्षापासून आपण प्रत्येक मुक्कामी हरिपाठानंतर चोपदारांच्या हजेरीबरोबर आणखी एक हजेरी घ्यावी. आपल्या गावातल्या कुठल्या वाडीतून आज कुणीच आलेलं नाही? कुणाला आपण बोलावलंच नाही? कुठल्या घरी दिंडी कधी थांबली नाही? उत्तर आलं की पुढच्या वर्षी त्या घरी आधी जायचं. त्यांनी यावं की नाही, हे ते ठरवतील. जायचं आपण.

आणि घरी परतल्यावर रात्री आठ वाजता मुलांना समोर बसवायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. एक अभंग, एक पान वाचन, मुलगे आणि मुली बरोबरीने. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर रागवायचं नाही. रामजी मास्तरांनी एका खोलीत हे करून दाखवलं. आपल्याकडे तर ओटी आहे, पडवी आहे, देऊळ आहे.

सुभेदार रामजी मास्तरांना आपल्या दिंडीचा दंडवत.

राम कृष्ण हरी.